मोनोपोटॅशियम फॉस्फेट: नव्याने हाताळणाऱ्यांसाठी पहिली ओळख

फॉस्फरिक आम्लाच्या रेणूत तीन हायड्रोजन असतात आणि तिन्ही सुटण्याजोगे. त्यांतला एक निघून त्याच्या जागी पोटॅशियम आला की जो क्षार तयार होतो, तो मोनोपोटॅशियम फॉस्फेट. सूत्र केएच२पीओ४. प्रयोगशाळेत त्याला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट म्हणतात, खतांच्या व्यवहारात एमकेपी किंवा नुसतंच ‘झिरो बावन्न चौतीस’, आणि लेझरवर काम करणाऱ्यांच्या तोंडी तो केडीपी असतो. नावं वेगळी, पदार्थ एकच.

पांढरा, बिनवासाचा, मिठासारखा दिसणारा हा क्षार झाडांना खाऊ घालता येतो, सामू (म्हणजे पीएच) मोजणारं सामूमापक यंत्र त्याच्या भरवशावर जुळवता येतं आणि त्याच्या स्फटिकातून लेझरचा रंग बदलता येतो. ही तीन कामं एकमेकांपासून फार लांबची वाटतात. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: रेणूत अजून शिल्लक असलेले ते दोन हायड्रोजन. ते डोक्यात ठेवून पुढचं वाचलंत तर पाठ करावं लागेल असं फारसं काही उरत नाही.

आधी लेबल वाचा

पहिली पायरी डबा उघडायच्या आधीची. पोटॅशियम आणि फॉस्फेट एवढे दोनच शब्द बघून पदार्थ घेऊ नका, कारण या घरात तीन भावंडं आहेत. एक हायड्रोजन गेलेला मोनो, दोन गेलेला डाय आणि तिन्ही गेलेला ट्राय. मोनोचं द्रावण आम्लधर्मी असतं, सामू साधारण ४.२ ते ४.७. डायपोटॅशियम फॉस्फेटचा सामू ९ च्या आसपास जातो. ट्रायपोटॅशियम फॉस्फेट तर १२ च्या जवळ पोचतो आणि कातडीला, डोळ्यांना इजा करू शकतो. तिन्ही पांढरे, तिन्ही पाण्यात विरघळणारे. नजरेने ओळखता येत नाहीत, सामूपट्टी मात्र क्षणात सांगते.

दुसरी अडचण अक्षरांची. फॉस्फेट, फॉस्फाइट आणि फॉस्फाइड हे तीन वेगळे पदार्थगट आहेत. फॉस्फाइट काही बुरशीजन्य रोगांवर वापरतात, पण झाडाची स्फुरदाची (म्हणजे फॉस्फरसची) भूक त्याने भागत नाही. आणि फॉस्फाइड म्हणजे थेट धोका: ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओलावा लागला की फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो. म्हणून हे नाव घाईत कधीही वाचू नका, आणि फोनवरून मागवायचं झालं तर शेवटचं अक्षर पुन्हा एकदा उच्चारून खात्री करा.

तिसरी गोष्ट शुद्धतेची. खताच्या प्रतीचा, प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणि खाद्य प्रतीचा माल वेगवेगळा असतो. खाद्यपदार्थांत हा क्षार ई ३४० या क्रमांकाखाली आम्लता सांभाळण्यासाठी वापरला जातो, पण म्हणून खताच्या पोत्यातला माल तोंडात घालायचा नसतो. मूळ खनिजातून आलेले नको ते धातू त्यात राहिलेले असू शकतात. रोपांसाठी खताची प्रत पुरते. बफर करायचं असेल तर प्रयोगशाळेचीच प्रत घ्या, तिथे काटकसर करू नका.

पाण्यात टाकून बघा

एका बीकरमध्ये साध्या तापमानाचं १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. थर्मामीटर बुडवून तापमान लिहून ठेवा. आता २० ग्रॅम क्षार टाका आणि ढवळा. पाणी गार होतंय हे थर्मामीटरवर दिसेल, बीकरला हात लावला तरी जाणवेल. हा क्षार विरघळताना उष्णता शोषून घेतो. त्यामुळे शेवटचे कण हट्टीपणा करतात. पाणी मुळात गार झालेलं असतं आणि गार पाण्यात हा क्षार कमी मावतो. बीकर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला की काम होतं.

किती मावतो याचे आकडे जवळ लिहून ठेवा, पुढे स्फटिक करताना लागतील. १०० मिलिलिटर पाण्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे १४.८ ग्रॅम, २० अंशांना २२.६, ३० ला २८, ४० ला ३५.५, ६० ला ५० आणि ९० अंशांना ८३.५ ग्रॅम. तापमानाबरोबर विद्राव्यता एवढी वाढणं ही स्फटिक वाढवणाऱ्यासाठी मोठी देणगी आहे. साध्या मिठाची विद्राव्यता पाणी तापवून जेमतेम वाढते, म्हणून मिठाचा मोठा स्फटिक करायला पाणी उडायची वाट बघत बसावं लागतं. इथे नुसतं गार करून भागतं. अल्कोहोलमध्ये मात्र हा क्षार विरघळत नाही. हेही लक्षात असू द्या, शेवटी उपयोगी पडेल.

तयार झालेल्या द्रावणात सामूपट्टी बुडवा. साडेचारच्या आसपास रंग येईल. उरलेल्या दोन हायड्रोजनांपैकी एक पाण्यात थोडासा सुटतो, त्याची ही खूण. त्याच द्रावणाच्या थोड्या भागात खाण्याचा सोडा टाकलात तर बुडबुडे येतील. फार जोरात नाहीत, पण येतील, कारण सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याएवढं आम्लपण या क्षारात आहे.

आणखी एक छोटा प्रयोग जरूर करा. चुन्याची निवळी घ्या आणि तिच्यात या द्रावणाचे काही थेंब टाका. निवळी लगेच पांढरी, गढूळ होते. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो. खतं मिसळणाऱ्याच्या टाकीत नेमका हाच साका बसतो आणि ठिबकच्या तोट्या बंद पडतात. तिथे मन चुकचुकण्यापेक्षा इथे परीक्षानळीत एकदा बघून घेतलेलं बरं.

तापवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये, पण काय होतं ते माहीत हवं. साधारण २५३ अंशांना हा वितळतो. आणखी तापवत गेलं की ते दोन हायड्रोजन एक ऑक्सिजन बरोबर घेऊन पाणी होऊन निघून जातात आणि मागे पोटॅशियम मेटाफॉस्फेट उरतो. १३६ ग्रॅम क्षारातून १८ ग्रॅम पाणी जातं. हिशेब अगदी चोख बसतो.

बफर: जिथे अचूकपणा लागतो

बफर म्हणजे थोडं आम्ल किंवा आम्लारी पडलं तरी सामू फारसा हलू न देणारं द्रावण. मोनोफॉस्फेटजवळ द्यायला हायड्रोजन आहे, डायफॉस्फेटजवळ घ्यायला जागा आहे. दोघांना एकत्र ठेवलं की बाहेरून काहीही आलं तरी कोणीतरी एक ते झेलतो. फॉस्फरिक आम्लाचे तीन हायड्रोजन सुटण्याचे टप्पे २.१५, ७.२ आणि १२.३५ या सामूंच्या आसपास येतात. मधला टप्पा उदासीन पाण्याच्या इतका जवळ असल्यामुळेच जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत फॉस्फेट बफर सगळीकडे दिसतं.

सामूमापक जुळवण्यासाठी वापरलं जाणारं प्रमाणित बफर घरच्या घरी नाही, पण साध्या प्रयोगशाळेत सहज करता येतं. मोनोपोटॅशियम फॉस्फेट ११० अंशांना दोन तास वाळवून, बंद भांड्यात गार करून घ्या. त्यातला ३.३९ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचा ३.५३ ग्रॅम तोलून घ्या. कार्बन डायऑक्साइड निघून जावा म्हणून उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात दोन्ही विरघळवा आणि द्रावण बरोबर १ लिटर करा. २५ अंशांना त्याचा सामू ६.८६ असतो, २० अंशांना ६.८८. मधला टप्पा ७.२ ला असताना इथे ६.८६ का, असा प्रश्न पडला तर तो योग्यच आहे. पाण्यातले विद्युतभारित कण एकमेकांवर परिणाम करतात आणि त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली सरकतो.

इथे बहुतेकांची चूक होते ती तोलण्यात नाही, बाटली निवडण्यात. डायसोडियम फॉस्फेट निर्जल मिळतो, दोन पाण्यांचा (म्हणजे दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू धरलेला) मिळतो आणि बारा पाण्यांचाही मिळतो. निर्जलचे ३.५३ ग्रॅम म्हणजे दोन पाण्यांच्या मालाचे साधारण ४.४३ आणि बारा पाण्यांच्या मालाचे ८.९ ग्रॅम. हे न बघता तोललेलं बफर दिसायला अगदी बरोबर दिसतं आणि पुढची सगळी मोजमापं चुकवतं. मोनोपोटॅशियम फॉस्फेटमध्ये ही कटकट नाही. त्याच्या स्फटिकात वेगळं पाणी बसलेलंच नसतं आणि साध्या हवेत तो ओलावाही फारसा धरत नाही. प्रमाणित द्रावणांसाठी तो निवडला जातो त्याचं हे एक मोठं कारण.

पेशी धुण्यासाठी वापरतात त्या क्षारयुक्त फॉस्फेट बफरमध्येही हाच असतो: लिटरला मीठ ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, निर्जल डायसोडियम फॉस्फेट १.४४ आणि आपला क्षार ०.२४ ग्रॅम. सामू ७.४. आम्लधर्मी भावंडाचं प्रमाण कमी केल्याने सामू वर गेला, एवढंच.

फॉस्फेट बफर जंतूंनाही आवडतं. आठवड्यांनंतर बाटलीत तरंगणारे धागे दिसले तर गाळून वापरायचा मोह टाळा, नवीन करा.

झाडांसाठी

०-५२-३४ या आकड्यांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय चमचा उचलू नका. पहिला आकडा नत्राचा, तो शून्य. दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशचा. पण हे ५२ आणि ३४ म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण नव्हे. जुन्या पद्धतीप्रमाणे ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. स्फुरदाचा आकडा ०.४३६ ने आणि पालाशचा ०.८३ ने गुणला की मूलद्रव्य मिळतं: फॉस्फरस साधारण २२.७ टक्के आणि पोटॅशियम २८ टक्के.

किती द्यायचं याचा अंदाज मातीविना शेतीतून चांगला येतो. १९३८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी मांडलेलं पोषक द्रावण आजही जगभर वापरलं जातं. त्याच्या एका आवृत्तीत १ लिटर पाण्यात या क्षाराचे फक्त ०.१३६ ग्रॅम असतात. त्यातून लिटरला ३१ मिलिग्रॅम फॉस्फरस मिळतो आणि झाड सुखाने वाढतं. भरभरून टाकण्याची सवय असलेल्या हाताला हा आकडा फार लहान वाटतो. पण मुळांना तेवढाच पुरतो.

कॅल्शियमची गाठ पडू द्यायची नाही, हे निवळीच्या प्रयोगात बघितलंच. कॅल्शियम नायट्रेटची घट्ट द्रावणं आणि या क्षाराची घट्ट द्रावणं वेगवेगळ्या टाक्यांत ठेवायची, भरपूर पाण्यात पातळ करूनच एकत्र येऊ द्यायची. मॅग्नेशियम सल्फेटच्या बाबतीतही घट्ट मिश्रण टाळावं. फवारणीच्या टाकीत काहीही नवीन मिसळण्याआधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडंसं मिसळून अर्धा तास ठेवा. तळाशी काही बसलं तर टाकीतही बसणार.

फवारणीसाठी अर्धा ते एक टक्का द्रावण सहसा वापरतात, म्हणजे लिटरला ५ ते १० ग्रॅम. एक टक्क्याची फवारणी काही पिकांवर भुरी हा बुरशीजन्य रोग आटोक्यात ठेवायलाही मदत करते. तरी आधी दोन-चार पानांवर करून बघा, आणि कडक उन्हात करू नका.

जमिनीतून देताना वेगळा विचार करावा लागतो. फॉस्फेट मातीत फार फिरत नाही. आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात, विम्ल (आम्लारीधर्मी) मातीत कॅल्शियम. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर मुळांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो. मातीत स्फुरद आधीच भरपूर असेल तर आणखी टाकल्याने फुलं वाढत नाहीत, उलट जस्त आणि लोह घेण्यात झाडाला अडचण येऊ शकते. म्हणून माती तपासणी आधी, खत नंतर. हा क्रम उलटा झालेला मी फार वेळा बघितला आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यात पैसा जातोच, शिवाय जास्तीचा फॉस्फेट पावसाबरोबर वाहून जातो.

तो कुठे जातो ते कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका तळ्याने दाखवून दिलं. तळं क्रमांक २२६. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मधोमध पडदा घालून दोन भागांत विभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, पण फॉस्फरस फक्त एकाच भागात. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचं पाणी स्वच्छ राहिलं. वरून घेतलेलं त्या तळ्याचं छायाचित्र एकदा बघितलं की उरलेलं द्रावण ओढ्यात ओतायला हात धजावत नाही.

स्फटिक वाढवा

आता माझा सर्वांत आवडता भाग. इथे घाई करू नका, दहा-पंधरा दिवस हाताशी ठेवा.

२०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी ५० अंशांपर्यंत कोमट करा आणि त्यात ६० ग्रॅम क्षार पूर्ण विरघळवा. गरम असतानाच गाळणकागदातून स्वच्छ काचेच्या भांड्यात गाळा. धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एका नको असलेल्या स्फटिकाचं बी, म्हणून गाळणं टाळू नका. भांड्यावर कागद झाकून ते एका जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी बारीक स्फटिक दिसतील. त्यांतला पारदर्शक, तडा नसलेला, चार-पाच मिलिमीटरचा एक निवडा. हे आपलं बी. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने ते बांधा.

उरलेलं द्रावण त्याच स्फटिकांवर आणखी एक दिवस ठेवा, अधूनमधून हलवा. वरचं स्वच्छ पाणी आता त्या तापमानाला संपृक्त झालेलं असतं. ते दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, दर १०० मिलिलिटरला ३ ग्रॅम क्षार आणखी टाका, कोमट करून विरघळवा आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. द्रावणात आता मावतं त्यापेक्षा थोडं जास्त आहे. हा क्षार स्वच्छ द्रावणात हे जास्तीचं ओझं बराच काळ धरून ठेवतो, लगेच सोडत नाही. बी सोडायची वेळ ही.

माझं पहिलं बी मी द्रावण अजून कोमट असताना सोडलं आणि तासाभराने दोऱ्याला काहीच शिल्लक नव्हतं. कोमट द्रावण भुकेलं असतं, ते बी खाऊन टाकतं. म्हणून थर्मामीटरने खात्री करा, मगच सोडा. भांडं झाका, उन्हापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा, आणि हलवू नका.

वाढ दिवसाला साधारण मिलिमीटरभर झाली तर ती चांगली समजा. आकार सुंदर असतो: चौकोनी खांब आणि दोन्ही टोकांना मनोरे. तुमचा स्फटिक रुंदीला न वाढता नुसताच लांब होत टोकाकडे निमुळता झाला तर द्रावणात लोह, ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम असण्याची शक्यता आहे. हे आयन खांबाच्या बाजूंना चिकटतात आणि तिथली वाढ रोखतात. खताच्या प्रतीच्या मालात हे हमखास दिसतं, आणि खरं सांगायचं तर एका स्फटिकाच्या आकारावरून मालाची शुद्धता ओळखता येणं मला अजूनही विलक्षण वाटतं.

हीच क्रिया फार मोठ्या प्रमाणावर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथे झाली. तिथल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीसाठी, म्हणजे लेझरने अणुकेंद्रकांचं संमीलन घडवणाऱ्या केंद्रासाठी, जलद वाढीची पद्धत वापरून अंगठ्याच्या नखाएवढ्या बियांपासून मोठे केडीपी स्फटिक वाढवले गेले. त्यांतल्या एकाचं वजन ३१८ किलो भरलं, आणि तो ५२ दिवसांत वाढला. जुन्या पद्धतीने त्याला दोन वर्षांपर्यंत वेळ लागला असता. त्यांच्या चकत्या कापून १९२ लेझर किरणांच्या वाटेत बसवल्या आहेत. १०५३ नॅनोमीटरचा अवरक्त किरण त्यांतून जाताना ३५१ नॅनोमीटरचा जंबुपार होऊन बाहेर पडतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा लक्ष्यावर टाकून संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली, ती याच जंबुपार किरणांनी.

आणि ते दोन हायड्रोजन? स्फटिकात ते शेजारच्या फॉस्फेट गटांना जोडणारे दुवे होतात. प्रत्येक दुव्यात हायड्रोजनला बसायला दोन जागा असतात, थोडी इकडे किंवा थोडी तिकडे. साध्या तापमानाला ते कुठेही असतात. उणे १५० अंशांच्या खाली मात्र सगळे एका शिस्तीत एकाच प्रकारची बाजू धरतात आणि स्फटिकात आपोआप विद्युत ध्रुवीकरण निर्माण होतं. झुरिकमध्ये गेओर्ग बुश आणि पाउल शेरर यांनी १९३५ साली हे शोधलं. हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम घातला तर हे तापमान सुमारे शंभर अंशांनी वर सरकतं. एवढ्या एका बदलाने एवढा फरक पडावा, यावरूनच या स्फटिकाचा कारभार कोणाच्या हातात आहे ते कळतं.

तुमचा स्फटिक मनासारखा झाला की दोऱ्यासकट बाहेर काढा. नळाखाली धरू नका, कडा लगेच विरघळतील. अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून मऊ कागदाने टिपा. सहज ओरखडा पडेल इतका तो मऊ असतो आणि अचानक तापमान बदललं तर तडकतो, म्हणून कापसात गुंडाळून बंद डबीत ठेवा. काम करताना डोळ्यांना चष्मा लावा, भुकटी उडू देऊ नका, हात धुवा. पदार्थ फारसा विषारी नाही, पण पोटात जाऊ देऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी पोटॅशियम आणि फॉस्फेट दोन्ही जोखमीचे असतात.

भांड्यात उरलेलं द्रावण फेकायची गरज नाही. खोलीच्या तापमानाला संपृक्त असलेल्या १० मिलिलिटर द्रावणात साधारण सव्वादोन ग्रॅम क्षार असतो. १५ लिटर पाण्यात तो मिसळला की होगलंड-आर्नन यांच्या प्रमाणाच्या अगदी जवळ येतो. कुंड्यांना तेवढं घाला.